त्रेचाळीस अंशांचा हिशेब

शंका-समाधान : कॅन्सर, लोखंडाचे कण आणि उष्णता

मागच्या अंकात एका वाक्यात मी चुंबकीय नॅनोकणांचा उल्लेख केला होता. कॅन्सरच्या गाठीत लोखंडाचे अतिसूक्ष्म कण सोडायचे, बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावायचं आणि गाठ आतून तापवायची, एवढंच ते वाक्य. त्यावर हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांतून पत्रं आली. काहींत कुतूहल आहे, काहींत घरातल्या आजाराची काळजी. निवडक पत्रांना इथे उत्तरं देतो. नावं मुद्दाम छापत नाही.

हिंगोली शहर

*“आईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी शेक आणि सोबत आठवड्याला एक सलाईन सांगितलं आहे. मोबाइलवर व्हिडिओ आला, त्यात लोखंडाचे कण सोडून चुंबकाने गाठ जाळतात असं दाखवलं. ना ऑपरेशन, ना त्रास. हा इलाज कुठे होतो? तोवर शेक थांबवावा का?”*

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : शेक एक दिवसही थांबवू नका. या आजारात बाहेरून द्यायचे आणि आतून द्यायचे, असे सगळे किरण मिळून साधारण ८ आठवड्यांच्या आत पुरे व्हावे लागतात. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढीला लागतात आणि तो तोटा मागाहून भरून निघत नाही. सलाईनमधून जातं ते औषध बहुधा सिस्प्लॅटिन असावं. आजार बराच पुढे, म्हणजे ३-बी टप्प्यात गेलेल्या ८५० स्त्रियांवर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसते किरण घेतलेल्या दर १०० जणींपैकी ४६ जणी ५ वर्षांनी हयात होत्या. सिस्प्लॅटिनची जोड मिळालेल्या १०० पैकी ५४. आईला सांगितलेला उपचार असा तावूनसुलाखून घेतलेला आहे.

आता व्हिडिओबद्दल. आपल्याकडे किरणोपचाराला सर्रास ‘शेक’ म्हणतात, पण त्या शेकात ऊब नसते. यंत्राखाली झोपलेल्या बाईला काहीच जाणवत नाही. किरण पेशीच्या जनुकीय धाग्यावर घाव घालतात. खरोखरचा शेक म्हणजे हायपरथर्मिया. त्यात गाठ ४१ ते ४५ अंशांपर्यंत तापवतात. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी गर्भाशयमुखाचा कॅन्सर असलेल्या ११४ स्त्रियांच्या दोन गटांची तुलना केली. ३ वर्षांनी नुसते किरण घेतलेल्यांपैकी २७ टक्के हयात होत्या, किरण आणि उष्णता दोन्ही मिळालेल्यांपैकी ५१ टक्के. हे निष्कर्ष २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. यात दोन गोष्टी लक्षात घ्या. ती उष्णता रेडिओलहरींनी दिली होती, लोहकणांनी नव्हे. शिवाय तेव्हा सिस्प्लॅटिनची जोड अजून रूढ झाली नव्हती.

लोहकणांचा उपचार माणसांवर झाला तो जर्मनीत, मुख्यतः मेंदूतल्या गाठींसाठी. भारतात तो नेहमीच्या उपचारांत नाही. कोणी “आमच्याकडे होतो” म्हणून पैसे मागत असेल, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. देशातल्या औषधचाचण्यांची सरकारी नोंदवही आहे आणि ती कोणालाही पाहता येते. खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत.

कळमनुरी

*“मी शाळेत विज्ञान शिकवतो. चुंबकाने लोखंड ओढलं जातं हे मुलांना माहीत आहे. पण चुंबकाने लोखंड तापतं कसं? वर्गात दाखवता येईल असं काही सांगा.”*

सर, साहित्य तुमच्या दारात आहे. जुन्या स्पीकरचं चुंबक घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि मुलांना कयाधूच्या काठावर न्या. कोरड्या रेतीतून चुंबक फिरवलं की पिशवीला काळ्या, चमकदार कणांच्या मिशा फुटतात. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणावर, म्हणजे बसाल्टवर उभा आहे. त्या खडकात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं. खडक झिजला की ते रेतीत उतरतं. कॅन्सरच्या प्रयोगांत वापरतात ते कण बहुतेक वेळा याच मॅग्नेटाइटचे किंवा त्याच्या सख्ख्या भावाचे, मॅगहेमाइटचे असतात. फरक आकाराचा.

आता मुलांना सांगा, ही रेती रात्रभर चुंबकाला चिकटवून ठेवा आणि सकाळी हात लावून बघा. थंडच असेल. स्थिर चुंबक ओढतो, पण तापवत नाही. तापवायचं असेल तर चुंबकीय क्षेत्राची दिशा सतत उलटी-सुलटी करावी लागते. घरातली इंडक्शन शेगडी आठवा. काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यातून वीज सेकंदाला वीस-पंचवीस हजार वेळा मागेपुढे होते. तिच्यामुळे वर ठेवलेलं स्टीलचं पातेलं तापतं, काच मात्र पातेल्याच्या उष्णतेनेच तेवढी कोमट होते. जर्मनीतल्या उपचारयंत्रात ही उलथापालथ सेकंदाला सुमारे १ लाख वेळा होत असे. दिशा बदलली की कणाच्या आतलं चुंबकत्व तिच्यामागे वळू पाहतं आणि थोडं मागे पडतं. या मागे पडण्यात दर फेरीला थोडी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. एका फेरीची उष्णता नगण्य असते, पण सेकंदाला १ लाख फेऱ्या आणि गाठीत अब्जावधी कण, असा तो गुणाकार आहे.

कण इतके बारीक का, हा मुलांचा पुढचा प्रश्न असेल. मॅग्नेटाइटचा कण १० ते १५ नॅनोमीटरपर्यंत लहान केला की तो वेगळा वागू लागतो. बाहेरचं क्षेत्र असेपर्यंत तो चुंबक असतो, क्षेत्र बंद झालं की त्याचं चुंबकत्व विरतं. म्हणून हे कण कयाधूच्या रेतीसारखे एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत आणि पाण्यात तरंगते राहतात. या गुणधर्माचं गणित मांडणारे फ्रान्सचे लुई नील यांना चुंबकत्वावरच्या कामासाठी १९७० चं नोबेल मिळालं.

एक सावधगिरी मुलांना जरूर सांगा. माणसाचं शरीर खाऱ्या पाण्यासारखं आहे, त्यातूनही थोडी वीज वाहते. क्षेत्र फार जोरकस किंवा फार वेगवान केलं तर निरोगी स्नायूही तापतात. त्यामुळे यंत्राची ताकद हवी तितकी वाढवता येत नाही.

सेनगाव

*“मे महिन्यात आमच्याकडे पारा ४३ वर जातो. आम्ही दिवसभर रानात असतो. ४३ अंशांनी कॅन्सर मरतो म्हणता, मग आम्हाला कॅन्सर व्हायलाच नको!”*

शेतकरी दादा, तुमच्या प्रश्नाने मला आधी हसू आलं आणि मग जाणवलं की सगळ्या विषयाची मेख यातच आहे. बाहेर ४३ असले तरी तुमच्या पोटातलं तापमान ३७ च्या आसपासच असतं. घाम सुटतो, कातडीकडे रक्त धावतं आणि शरीर उष्णता बाहेर फेकतं. ही यंत्रणा हरली तर उष्माघात होतो, आणि तो कॅन्सरच्या कितीतरी आधी माणसाला नेतो. उन्हात बसून किंवा वाफ घेऊन गाठ तापत नाही.

गाठीची गोष्ट वेगळी असते. तिच्यातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, घाईघाईत फुटलेल्या असतात. निरोगी भागात उष्णता आली की रक्त वाढतं आणि ती वाहून नेतं. गाठीला ते नीट जमत नाही. आतल्या भागात प्राणवायू कमी आणि आम्लता जास्त, त्यामुळे तिथल्या पेशी उष्णतेला लवकर बळी पडतात. याच कमी प्राणवायूच्या पेशींवर किरणांचा असर कमी होतो. किरणांनी झालेली तुटफूट दुरुस्त करण्याची पेशीची ताकदही उष्णतेने मंदावते. म्हणून किरण आणि उष्णता एकमेकांना पूरक ठरतात.

यात अंशाअंशाचा हिशेब असतो. ४३ अंशांवर ६० मिनिटांत जो परिणाम होतो, तो ४४ वर ३० मिनिटांत आणि ४५ वर १५ मिनिटांत होतो. प्रत्येक अंशाला वेळ निम्मा. खाली आलात तर उलट, आणि जास्त कडक : ४२ अंशांवर त्याच परिणामाला ४ तास लागतात. म्हणजे गाठीचा एक कोपरा अंशभर थंड राहिला तर तिथलं काम चौपट लांबतं, आणि त्या कोपऱ्यातून आजार परत येतो. दुसरीकडे शेजारचा निरोगी भाग दोन अंश जास्त तापला तर तो भाजतो.

तापाने गाठ वितळते ही कल्पना जुनी आहे. १८६६ मध्ये जर्मनीतल्या बॉनचे डॉक्टर बुश यांनी कातडीच्या जंतुसंसर्गाने जोराचा ताप आलेल्या रुग्णाची गाठ विरल्याचं नोंदवलं. १८९० च्या दशकात न्यूयॉर्कचे विल्यम कोली यांनी तर मुद्दाम जंतू टोचून ताप आणला. काही गाठी विरल्या, काही रुग्ण त्या संसर्गानेच गेले. उष्णता तयार करणं तेव्हाही अवघड नव्हतं. ती हव्या तिथे, हवी तितकीच ठेवणं अवघड होतं, आणि आजही तेच अवघड आहे.

औंढा नागनाथ

*“मी अकरावीत आहे. आमच्या गावाजवळ लायगो होणार आहे. नॅनोमीटर म्हणजे लायगो मोजणार तेवढंच लहान का? आणि हे लोखंड शरीरात गंजत नाही का?”*

लायगोच्या मानाने नॅनोमीटर म्हणजे डोंगर! लायगोच्या ४ किलोमीटर लांब भुजांमध्ये जो फरक मोजायचा असतो, तो प्रोटॉनच्या जाडीच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, त्यात हायड्रोजनचे दहाएक अणू ओळीने बसतील. डोक्याचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद. आपला लोहकण १०–१५ नॅनोमीटरचा.

गंजण्याचा प्रश्न उत्तम आहे. मॅग्नेटाइट हे लोखंडाचं ऑक्साइडच आहे, म्हणजे एका अर्थाने आधीच गंजलेलं. शरीराला ते परकंही नाही. आपल्या अंगात एकूण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. त्यातलं जादाचं लोह फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ गोळीत साठवलेलं असतं. ही गोळी १२ नॅनोमीटरची आणि तिच्या पोटात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. नॅनोकण बनवण्याचा कारखाना तुझ्या यकृतात आधीपासून चालू आहे. बाहेरून आलेल्या लोहकणांनाही शरीर हळूहळू विरघळवून आपल्या साठ्यात घेतं.

पण इथेच एक अडचण आहे. शिरेतून सोडलेले कण यकृत आणि प्लीहा चटकन पकडतात. २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला गेला. शिरेतून दिलेल्या सर्व प्रकारच्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचलेल्यांचा मध्यक निघाला ०.७ टक्के, म्हणजे हजारात सात. कण आपोआप गाठ शोधत जातात असं व्हिडिओत दाखवतात, त्यापुढे हा आकडा ठेवून बघ. म्हणूनच जर्मनीत कण शिरेतून न देता सुईने थेट गाठीत सोडले.

वसमत

*“आमच्याकडे हळद पिकते. हळदीतल्या कर्क्युमिनने कॅन्सर बरा होतो म्हणतात. आता तर लोखंडाच्या नॅनोकणांवर कर्क्युमिन चढवून औषध करतात असं वाचलं. मग आम्ही नुसती हळदच जास्त खाल्ली तर?”*

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण माल चांगला म्हणजे तो कॅन्सरचं औषध झाला, असं होत नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के. ते पाण्यात नीट विरघळत नाही. पोटात गेलेल्यातलं फारच थोडं रक्तात उतरतं आणि उतरलेलंही यकृत लगेच मोडून टाकतं. काचेच्या बशीत कर्क्युमिन थेट कॅन्सरच्या पेशींवर ओततात तेव्हा पेशी मरतात, हे खरं. माणसाच्या गाठीपर्यंत ते तेवढ्या प्रमाणात पोहोचत नाही. ही अडचण सोडवायला संशोधक त्याला नॅनोकणांच्या पाठीवर बसवून पाहत आहेत. हे काम अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आहे.

भाजीतली हळद खुशाल खा. अर्काच्या तीव्र गोळ्या, त्यातही मिरीचा अर्क घातलेल्या, डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि केमोथेरपी चालू असताना यकृत आधीच ताणलेलं असतं.

तुमच्या धंद्यातली एक गोष्ट मात्र मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. हळद शिजवताना कंद वरून मऊ दिसला तरी तुम्ही तेवढ्यावर समाधान मानत नाही. काडी टोचून आतपर्यंत शिजला का ते बघता. कमी शिजला तर गाभा कच्चा राहतो, जास्त शिजला तर रंग जातो. गाठ तापवणाऱ्या डॉक्टरचीही कसोटी हीच. जर्मनीतल्या रुग्णांच्या गाठीत एक बारीक नळी ठेवलेली असे आणि तिच्यातून तापमापक आत जाई. ती त्यांची काडी. ज्या जाहिरातीत या काडीचा पत्ताच नाही, तो उपचार मानू नका.

हिंगोली तालुका, एक गृहिणी

*“गावात चुंबकाची गादी विकायला माणसं आली होती. मालकांना जबड्याचा कॅन्सर आहे. गादीवर झोपलं की गाठ विरघळते, मोठ्या दवाखान्यातही आता चुंबकच वापरतात, असं म्हणाले. हप्त्याने घ्यावी का?”*

ताई, घेऊ नका. कळमनुरीच्या सरांना सांगितलेला प्रयोग तुम्हीही करा : चुंबकाला लोखंड रात्रभर चिकटवून ठेवा, ते तापत नाही. गादीतलं चुंबक स्थिर असतं आणि मालकांच्या गाठीत तापवण्याजोगे कण नाहीत. मग तापणार काय? आपल्या रक्तात लोह आहे म्हणून चुंबक रक्त ओढतं, असंही हे लोक सांगतात. रक्तातलं लोह चुंबकाला चिकटणाऱ्या प्रकारचं नसतं. नाहीतर एमआरआयच्या यंत्रात, जिथे गादीतल्या चुंबकाच्या कितीतरी पट ताकद असते, माणूस जिवंत राहिला नसता.

चुंबकाचा पट्टा, चुंबकाचं पाणी, तांब्याचं कडं यांनाही हेच उत्तर लागू आहे. हप्त्याचे पैसे मालकांच्या खाण्यापिण्यावर आणि दवाखान्याच्या येण्याजाण्यावर खर्च करा. जबड्याच्या कॅन्सरमध्ये वजन टिकवणं हाच निम्मा उपचार असतो.

हिंगोली, एमएस्सीचा विद्यार्थी

*“या विषयात संशोधन करायचं आहे. त्यासाठी परदेशीच जावं लागेल का? आणि जर्मनीतला उपचार इतका चांगला होता तर तो सगळीकडे का पसरला नाही?”*

पहिल्या प्रश्नासाठी फार लांब बघू नका. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात फेराइट, म्हणजे लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडांवर प्रा. के. एम. जाधव यांच्या गटाने पुष्कळ काम केलं आहे. कोबाल्ट फेराइटचे लेप दिलेले नॅनोकण बदलत्या चुंबकीय क्षेत्रात किती तापतात, यावरचा त्यांचा निबंध २०२० मध्ये ‘एसीएस ओमेगा’ या नियतकालिकात आला, आणि त्याचा रोख थेट कॅन्सरच्या उपचाराकडे होता. कोल्हापुरात प्रा. एस. एच. पवार यांच्या गटाने डी. वाय. पाटील विद्यापीठात लँथेनम-स्ट्रॉन्शियम-मँगनीजच्या ऑक्साइडचे कण अभ्यासले. या कुळातल्या कणांचं आकर्षण असं की घटकांचं प्रमाण बदलून ते ठरावीक तापमानाला चुंबकत्व गमावतील, असं करता येतं. चुंबकत्व गेलं की तापणं आपोआप थांबतं. कणाच्या पोटातच थर्मोस्टॅट बसवल्यासारखं ते आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. धीरेंद्र बहादूर आणि त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षं या विषयावर काम करत आले.

आता दुसरा प्रश्न. १९५७ मध्ये शिकागोचे शल्यचिकित्सक गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या लसिकाग्रंथींत लोहकण सोडून त्या तापवून दाखवल्या. कर्करोग ग्रंथींत पसरलेला असला तर तो तिथेच जाळावा, ही त्यांची कल्पना. तिथून माणसापर्यंत यायला जवळजवळ अर्धं शतक लागलं. बर्लिनमध्ये आंद्रेआस योर्डान यांनी लेप दिलेले लोहकण आणि माणूस आत झोपू शकेल असं यंत्र तयार करवलं. त्यांच्या मागफोर्स कंपनीच्या उपचाराला मेंदूच्या गाठींसाठी २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. २०११ च्या अहवालात ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा अत्यंत घातक कॅन्सर परत उलटलेले ५९ रुग्ण होते. कवटीला छिद्र पाडून द्रव गाठीत सोडायचा, मग तासाच्या ६ बैठका आणि सोबत किरण. आजार उलटल्यापासून निम्मे रुग्ण १३.४ महिन्यांहून अधिक जगले. अशा आजारात हा आकडा आशादायक होता. पण शेजारी तुलनेचा गट नव्हता. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना उष्णता आणि निम्म्यांना नाही, असं झालं नव्हतं. त्यामुळे श्रेय उष्णतेचं किती आणि रुग्णांच्या निवडीचं किती, हे सांगता येईना.

शिवाय अटी जाचक होत्या. दातांत धातूचं सिमेंट भरलेलं असेल तर काढावं लागे, कारण तेही तापेल. पेसमेकर असलेल्याला उपचार बंद. लोहकण डोक्यात कायम राहिल्याने पुढे त्या भागाचा एमआरआय वाचता येत नसे, आणि मेंदूच्या कॅन्सरमध्ये आजार परतला का हे बघायचं मुख्य साधन एमआरआयच. हे सगळं सोसून किती रुग्ण येणार? २०२२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

तुम्ही या क्षेत्रात आलात तर एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवा. परीक्षानळीत कण पाण्यात मोकळे गरगरतात आणि त्या गरगरण्यानेही उष्णता होते. गाठीत ते पेशींना चिकटून बसतात, गरगरणं थांबतं आणि तापणं घटतं. नळीतला आलेख सुंदर आला म्हणून हुरळून जाऊ नका. जीवशास्त्राच्या आणि कॅन्सरच्या डॉक्टरांशी सोयरीक करा. नवा कण बनवणारे पुष्कळ आहेत. तो जिवंत ऊतीत किती अंश तापतो, हे बाहेरून बिनचूक मोजणारे फार थोडे. काम तिथे आहे.

कळमनुरी तालुका, आशाताई

*“ही सगळी माहिती चांगली आहे. पण माझ्या गावातल्या बायकांना यातून आज काय सांगू?”*

ताई, तुमचं पत्र मुद्दाम शेवटी ठेवलं. कारण मराठवाड्यानेच जगाला या बाबतीत एक धडा दिला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने तपासणीचा मोठा अभ्यास झाला. ज्या गावांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा केली, तिथे पुढच्या ८ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये तो अभ्यास अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला गेला. एकाही लोहकणाशिवाय.

गावात सांगायच्या गोष्टी थोड्याच आहेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. सौम्य व्हिनेगरसारखं द्रावण लावून मिनिटभराने पाहतात, पांढरा डाग उमटला तर पुढे पाठवतात. दुखत नाही. पाळी गेल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं किंवा घाण वासाचं पाणी जाणं, यातलं काहीही असेल तर तिशीची वाट न बघता पाठवा. स्तनात गाठ लागली तर दुखत नाही म्हणून बसू देऊ नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस द्यायला आई-वडिलांना सांगा.

पुरुषांकडे तर आधी बघा. खर्रा, गुटखा, तंबाखू खाणाऱ्याला तोंड उघडायला सांगा. स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील, गालाला आतून पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा तोंडातली जखम ३ आठवड्यांत भरत नसेल, तर त्याला त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात न्या. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पुढे गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि आधार दाखवायला सांगा, म्हणजे खर्चाच्या भीतीने कोणी घरी बसणार नाही.

लोहकणांचा उपचार उद्या आपल्याकडे आला तर मीच सर्वांत आधी या सदरात लिहीन. तोवर हिंगोली शहरातल्या त्या मुलाने आईचा शेक वेळेवर पुरा करावा, आणि तुम्ही या महिन्यात तुमच्या वाडीतल्या तिशीवरच्या बायकांची यादी काढून पहिल्या दहा जणींना तपासणीला घेऊन जावं.